उसाची तोड कुठल्या फडापासून सुरू करावी? (सांगे, गोवा)

सांगेकर:
डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ऊसतोडीची टोळी येतेय. फड तीन, प्रत्येकात उसाची वेगळी जात. नदीकाठचा ८६०३२चा खोडवा (आधीच्या तोडीच्या बुडख्यांतून फुटलेला ऊस) ११ महिन्यांचा, दोन ठिकाणी लोळलाय. माळावरची ६७१ची लागण (नव्याने लावलेला ऊस) १२ महिन्यांची, थोडे तुरे (फुलोरा) आलेत. २६५ रस्त्यालगत, १३ महिन्यांचा. टोळी म्हणते, रस्त्याकडचा आधी घेऊ.

फडकरी:
रस्त्याकडचा आहे म्हणून २६५ला कोयता लावू नका. ही उशिरा पिकणारी जात, साखर भरायला १४-१५ महिने लागतात. क्रम ब्रिक्सवर, म्हणजे रसातल्या गोडीच्या आकड्यावर लावा. हॅण्ड रिफ्रॅक्टोमीटर (ब्रिक्स मोजायचं हातातलं यंत्र) घेऊन बांधाकडच्या दोन-तीन ओळी सोडून आत शिरा आणि दहा-बारा ठिकाणचा एकेक ऊस घ्या. प्रत्येकाच्या बुडाकडच्या आणि शेंड्याकडच्या कांडीचा रस वेगवेगळा तपासा. शेंड्याच्या आकड्याला बुडाच्या आकड्याने भागा. बूड २१ आणि शेंडा १५ असेल तर ०.७१, म्हणजे कच्चा. ०.९५ ते १ आला की तोडीला तयार. १च्या वर गेला तर साखर उतरू लागली समजा. दव असेल तर काच पुसल्याशिवाय रस टाकू नका, आकडा खोटा कमी येतो. नुकतं पाणी दिलेल्या फडातही तसंच होतं.

कुळागर:
आकडे जवळपास सारखे आले तर लोळलेला खोडवा आधी. आडव्या उसाचे डोळे फुटतात, जमिनीला टेकलेल्या कांड्यांना मुळ्या सुटतात, उंदीर नि रानडुकरं उरलेलं संपवतात. पण नदीकाठ ओला असतो. त्या फडाचं पाणी आजच तोडा, पंधरा दिवस तरी मिळायला हवेत. मुठीत दाबलेल्या मातीचा चिकट गोळा झाला तर गाडी आत नेऊ नका, मोळ्या बांधापर्यंत डोक्यावर आणा. चाकाखाली बुडखे चेंगरले की पुढचा खोडवा विरळ.
६७१ लगेच त्यामागून. तुरा आला की वाढ थांबते आणि पुढे वरच्या कांड्यांत दशी पडते. शेंड्याकडची कांडी आडवी कापून बघा. मधोमध पांढरा, कोरडा भुसा दिसला तर थांबण्यात वजनाचं नुकसान आहे.

सांगेकर:
६७१चा खोडवा ठेवायचाय. आणि २६५ किती थांबवू?

फडकरी:
६७१ची तोड १५ फेब्रुवारीच्या आत, जमिनीलगत. पाचट (वाळलेला पाला) जाळू नका, सरीत दाबा. २६५ दर पंधरा दिवसांनी तपासा, जानेवारीअखेर बघू.
धारबांदोड्याचा संजीवनी साखर कारखाना बंद झाल्यापासून ऊस घाटापलीकडे जातो. तोडल्यापासून २४ तासांत गाळप झालं नाही तर वजन आणि उतारा (उसातून निघणारी साखर) दोन्ही घटतात. म्हणून गाडी नक्की झाल्याशिवाय टोळीला फडात सोडू नका.