मध्यम एसयूव्ही : खर्च, मायलेज आणि तुमचे अनुभव

घरात पाच माणसं, बजेट ऑन-रोड 18 लाखांपर्यंत, महिन्याचं रनिंग 600 किलोमीटर. क्रेटा, हायरायडर आणि एलिव्हेट बघून झाल्या. सप्टेंबर 2025 मध्ये दीड लिटर इंजिनच्या या गाड्यांवरचा कर 45 वरून 40 टक्क्यांवर आला. हायब्रिडला (पेट्रोल इंजिन अधिक बॅटरी) तो आधीच 43 होता, म्हणून तिची किंमत तेवढी उतरली नाही. जुने हिशेब आता उपयोगाचे नाहीत. वापरणाऱ्यांनी लिहा. मायलेज टाकी फुल ते फुल काढलेलं द्या, स्क्रीनवरचं नको.

पुणे, हायरायडर हायब्रिड : कोथरूड ते हिंजवडी रोजची. वाकडच्या गर्दीत इंजिन बंद राहतं आणि गाडी बॅटरीवर सरकत राहते. शहरात 22-23 मिळतं, एक्सप्रेसवेला 100 च्या वेगात 19. कंपनीचा दावा 27.97 चा आहे, तो मला कधी दिसला नाही, पण गर्दीत हे मायलेज दुसरं कोण देणार? बॅटरी डिकीत असल्याने गणपतीला गावी जाताना एक बॅग मागच्या सीटवर येते.

नाशिक, क्रेटा डिझेल : मी घेण्याआधी कागदावर हिशेब मांडला होता. डिझेल मॉडेल दीड लाखाने महाग. शिवाय महाराष्ट्रात 10 ते 20 लाखांच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स 12 टक्के, डिझेलला 14. म्हणजे आणखी तीसेक हजार. पेट्रोल 104 रुपये आणि मायलेज 13 धरलं तर किलोमीटरला 8 रुपये, डिझेल 90 आणि 18 धरलं तर 5. तीन रुपये वाचतात, म्हणजे जादाचे पैसे 60 हजार किलोमीटरनंतर वसूल. माझं रनिंग महिन्याला 2000, अडीच वर्षांत फिटले. तुमच्या 600 ला आठ वर्षं लागतील. घेऊ नका.

ठाणे : वरच्यांना दुजोरा. आमची डिझेल फक्त शाळा आणि मंडईपुरती फिरायची, तर डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा सारखा लागायचा. आतली काजळी जळायला सायलेन्सर चांगला तापावा लागतो. मग रविवारी मुद्दाम नाशिक हायवेला काढायचो.

कोल्हापूर, एलिव्हेट सीव्हीटी (ऑटोमॅटिक गिअर) : शहरात 12, हायवेला 16. मायलेजसाठी घेतली नाही. 220 मिमी ग्राउंड क्लिअरन्स आहे, शेताच्या वाटेवर खाली घासत नाही आणि आईला चढ-उतार सोपी जाते.

धागाकर्ता : डिझेल यादीतून काढली. पुणेकर, हायब्रिड बॅटरीची 8 वर्षांची वॉरंटी सेकंड हँड घेणाऱ्याच्या नावावर होते का? आणि पाच जण बसवून ताम्हिणी चढताना इंजिनचा आवाज कितपत येतो?