विद्यार्थी परिषदेचे नोंदणीशुल्क आणि सवलती: कोणाला, किती आणि कधी द्यायच्या?

प्रश्न (संयोजन समितीतील विद्यार्थिनी, कोल्हापूर)

नमस्कार. येत्या जानेवारीच्या मध्यावर आम्ही काही पदवी व पदव्युत्तर विद्यार्थी मिळून पर्यावरण या विषयावर दोन दिवसांची राज्यस्तरीय विद्यार्थी परिषद भरवत आहोत. समितीतील सर्वजण स्वयंसेवक आहेत. महाविद्यालय सभागृह आणि वसतिगृहातील रिकाम्या खोल्या विनाशुल्क देणार आहे. बाकी खर्च आम्हीच उभा करायचा आहे.

आमचा अंदाज असा आहे. एकूण उपस्थिती २४० धरली आहे. दोन दिवसांचा नाश्ता, चहा, जेवण आणि बिल्ला-वही मिळून प्रत्येकी ४५० रुपये लागतील. ध्वनिव्यवस्था, छपाई, वक्त्यांचा प्रवास आणि किरकोळ बाबी मिळून ४८,००० रुपये होतील. म्हणजे एकूण १,५६,००० रुपये, आणि माणशी ६५०. तेवढेच शुल्क ठेवायचे ठरत आहे. परंतु किमान ४० विद्यार्थ्यांना पूर्ण शुल्कमाफी द्यावी, अशी आमची इच्छा आहे. त्यासाठी २६,००० रुपये कोठून आणायचे, माफीसाठी उत्पन्नाचा दाखला मागावा की नाही, आणि पैसे कोणाच्या खात्यावर घ्यावेत, या तिन्ही मुद्द्यांवर समितीत एकमत होत नाही. अशा परिषदांचा अनुभव असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (एका विद्यार्थी संमेलनाचा माजी कोषाध्यक्ष, पुणे)

आपला हिशोब नीटनेटका आहे, मात्र माफीची किंमत आपण चुकीच्या बाजूने मोजत आहात, असे मला वाटते. ज्या ४० जणांना सवलत द्यायची आहे ते शुल्क भरून येणारच नव्हते, असे गृहीत धरले तर त्यांच्यामुळे वाढणारा खर्च प्रत्येकी ६५० नव्हे, ४५० रुपये आहे, कारण ध्वनिव्यवस्था आणि वक्त्यांचा प्रवास २०० माणसांना जेवढा लागतो तेवढाच २४० माणसांना लागतो. म्हणजे माफीचा खरा भार १८,००० रुपयांचा आहे. उरलेले ८,००० ही माफीमुळे येणारी तूट नाही. शुल्क भरणारे २०० असताना शुल्क २४० जणांच्या भागाकाराने ठरवले, म्हणून ती दिसते. तेव्हा शुल्क ठरवताना भागाकार नेहमी भरणाऱ्यांच्या संख्येने करावा, येणाऱ्यांच्या संख्येने नव्हे.

आता पैसे कोठून आणायचे? सर्वांना एकच शुल्क ठेवण्याचा हट्ट सोडावा. अशा परिषदांना प्राध्यापक, नोकरी करणारे माजी विद्यार्थी आणि अधिछात्रवृत्ती मिळणारे संशोधकही येतात. शुल्क भरणाऱ्या २०० जणांपैकी असे ४० असतील आणि त्यांचे शुल्क १,००० ठेवले, तर १४,००० रुपये तेथेच वाढतात आणि २६,००० ची तूट १२,००० वर येते. अर्जात शेवटी ‘आणखी एका विद्यार्थ्याच्या भोजनखर्चासाठी ४५० रुपये देऊ इच्छितो’ असा एक चौकोन ठेवावा. नेमकी रक्कम आणि नेमके कारण लिहिले की लोक देतात. ‘ऐच्छिक देणगी’ असे मोघम लिहिले की तो रकाना रिकामा राहतो. हे मी सलग काही वर्षे पाहिले आहे.

एक गोष्ट मात्र आपल्या अंदाजपत्रकात मुळीच दिसत नाही, ती म्हणजे प्रवास. लांबून येणाऱ्या विद्यार्थ्याला शुल्कापेक्षा तिकीट जड जाते. ४० पैकी १५ जणांना जाण्यायेण्यासाठी सरासरी १,२०० रुपये द्यायचे ठरवले तरी ते १८,००० होतात, म्हणजे सर्व ४० जणांच्या जेवणाइतके. त्यामुळे निधी कमी पडल्यास माफीची संख्या थोडी घटवून प्रवासखर्च द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. शुल्क माफ करून ज्याला गाडीभाडे परवडत नाही, त्याला आपण फक्त निमंत्रणपत्रिका दिलेली असते.

दाखल्याबाबत मात्र मी आग्रही आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मागावा. निधी दुसऱ्यांनी दिलेला असतो आणि उद्या कोणी विचारले, तर समितीकडे कागद हवा.

उत्तर २ (महाविद्यालयीन शिक्षिका, गडचिरोली जिल्हा)

प्रवासाच्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे. दाखल्याच्या मुद्द्याशी अजिबात नाही.

आमच्याकडचे विद्यार्थी अशा परिषदांना का येत नाहीत, याचे कारण बहुतेक वेळा ‘प्रवासखर्चाची भरपाई परिषदेनंतर तिकिटे सादर केल्यावर केली जाईल’ या एका वाक्यात असते. ज्याच्याकडे आधी खर्च करायला पैसे आहेत त्यालाच ही भरपाई उपयोगी पडते. तेव्हा मदत द्यायची असेल तर तिकीट समितीने काढून द्यावे, किंवा रक्कम प्रवासाच्या आधी खात्यावर जमा करावी. जिल्ह्यातल्या मुलांना वडसा स्थानक किंवा एसटीने नागपूर गाठावे लागते. तेथून पुढे गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस सोयीची, पण राज्याची लांबी मापणारी. त्या प्रवासाला शयनयान आरक्षणाशिवाय मुलांना, विशेषतः मुलींना, पाठवायला पालक तयार होत नाहीत, आणि त्यांचे चुकते असेही मला वाटत नाही. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. परिषद जानेवारीच्या मध्यावर असेल तर आरक्षण नोव्हेंबरच्या मध्यावर सुरू होईल. म्हणून सवलतीचे अर्ज ऑक्टोबरअखेर बंद करून निर्णय दिवाळीच्या सुट्टीची सबब न सांगता कळवावेत. बहुतेक समित्या सर्वसाधारण नोंदणी आणि सवलतीचे अर्ज एकाच दिवशी बंद करतात आणि मग डिसेंबरअखेर यादी लावतात. तोवर प्रतीक्षायादीशिवाय काही मिळत नाही. मुलींना मार्च २०२३ पासून एसटीत निम्मे तिकीट लागते, हेही अंदाज करताना लक्षात घ्यावे.

दाखल्याविषयी सांगते. तो काढायला सेतू केंद्राच्या फेऱ्या, तलाठ्याचा अहवाल आणि प्रतीक्षा आली. ४५० रुपयांच्या जेवणासाठी आपण ती मागणी करतो, तेव्हा ज्याला खरी गरज आहे तो अर्जच करत नाही, आणि ज्याच्या घरी कागदपत्रांची सवय आहे तो दाखला जोडून मोकळा होतो. ज्या विद्यार्थ्याला महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरून शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे त्याची उत्पन्नाची छाननी सरकारने आधीच केलेली असते. त्याने तेवढे नमूद करावे. बाकीच्यांकडून चार ओळींचे स्वतःचे निवेदन घ्यावे: कोठून येणार, किती खर्च येईल, त्यातला किती स्वतः करू शकतो. हा शेवटचा प्रश्न जरूर विचारावा. पुष्कळ मुले ‘जेवणाचे मी देतो, फक्त तिकिटाचे बघा’ असे प्रामाणिकपणे लिहितात आणि निधी पुरवून पुरतो.

उत्तर ३ (सनदी लेखापाल, सांगली)

खात्याच्या प्रश्नाबद्दल: कोणाही स्वयंसेवकाच्या व्यक्तिगत बचत खात्यावर दीड लाख रुपये गोळा करू नयेत. हेतू कितीही स्वच्छ असला तरी ती रक्कम त्याच्या स्वतःच्या व्यवहारांत मिसळते आणि पुढे तिचा खुलासा त्या एकट्याला करावा लागतो. स्वतंत्र संस्था नोंदवणे एका परिषदेसाठी अवाजवी आहे; १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमानुसार किमान सात सदस्य हवेत आणि महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणीही आली. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे महाविद्यालयाच्या खात्यावर स्वतंत्र शीर्षाखाली पैसे घेणे आणि खर्चाला प्राध्यापक व विद्यार्थी कोषाध्यक्ष अशा दोघांची मंजुरी ठेवणे. आगाऊ रक्कम किती आणि कोणत्या तारखेला मिळेल, हे मात्र कार्यालयाकडून आधीच लेखी घ्यावे, कारण आचाऱ्याला विसार परिषदेआधीच द्यावा लागतो.

अर्जात पैसे भरल्याचे छायाचित्र मागू नये; ते बनवता येते आणि तपासताही येत नाही. यूपीआय व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक लिहून घ्यावा आणि दर दोन-तीन दिवसांनी तो बँकेच्या उताऱ्याशी पडताळावा. हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलले की कोणाचे साडेसहाशे कोणाच्या नावावर, याचा मेळ बसत नाही.

देणग्यांबाबत दोन सावधगिरीच्या सूचना. कंपनीचा सामाजिक दायित्व निधी हवा असेल, तर एप्रिल २०२१ पासून तो घेणाऱ्या संस्थेची सीएसआर-१ (कंपनी व्यवहार मंत्रालयाकडील) नोंदणी लागते. ती महाविद्यालय चालवणाऱ्या संस्थेकडे आहे का, हे पाहावे, नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. दुसरे म्हणजे परदेशातील माजी विद्यार्थी. भारतीय नागरिकत्व असलेल्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय योगदान ठरत नाही. ज्याने तेथील नागरिकत्व घेतले आहे त्याची देणगी मात्र, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असले तरी, २०१० च्या परकीय योगदान कायद्याखाली येते. तेव्हा आधी पारपत्र विचारावे, मग आभार मानावेत.

प्रश्नकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. समितीने दाखला न मागता निवेदन घेण्याचे आणि प्रवासासाठी वेगळी रक्कम राखण्याचे मान्य केले आहे. दोन शंका उरतात. विनाशुल्क नोंदणी केलेले अनेकजण ऐनवेळी येत नाहीत, असे ऐकले आहे. त्यासाठी १०० रुपयांची परत मिळणारी अनामत घ्यावी का? आणि सवलत कोणाला मिळाली, हे किती जणांना कळावे?

उत्तर १ (माजी कोषाध्यक्ष)

दाखल्याबाबत बहुमत माझ्याविरुद्ध गेले, हरकत नाही. किमान निवेदने आणि निर्णयाची कारणे नोंदवहीत ठेवावीत, एवढी विनंती. अनामत घेऊ नये. शंभर रुपये परत करण्याचा हिशोब स्वयंसेवकांना शंभर रुपयांहून महाग पडतो. त्याऐवजी दहा दिवस आधी प्रत्येकाला दूरध्वनी करून येणे निश्चित करून घ्यावे, न येणाऱ्याची जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्याला द्यावी आणि त्यानंतरच आचाऱ्याला ताटांचा आकडा सांगावा. शुल्क भरलेले लोकही गैरहजर राहतातच, त्यामुळे फोन सर्वांनाच करावा. (कोल्हापुरात परिषद असल्याने तांबडा-पांढरा रस्सा असणार की नाही, हे त्याच फोनवर विचारले जाईल, उत्तर तयार ठेवा.)

उत्तर २ (शिक्षिका)

सवलतीचे अर्ज तिघांनीच वाचावेत, आणि त्यातले कोणीही नोंदणीच्या टेबलावर बसणारे नसावे. टेबलावरच्या यादीत शुल्काचा रकानाच ठेवू नये. ‘नोंदणी पूर्ण’ एवढेच असावे, म्हणजे सर्वांना सारखा बिल्ला आणि सारखी पिशवी मिळते. देणगीदाराच्या हस्ते ‘गरजू विद्यार्थ्यांना’ मंचावर बोलावून काही देण्याची कल्पना कोणी मांडलीच, तर ती समितीच्या बैठकीतच नाकारावी. परिषद संपून हिशोब तपासला गेला की निवेदने नष्ट करावीत. अहवालात लाभार्थींची संख्या आणि एकूण रक्कम पुरे. आणि आमच्या मुलांसाठी आणखी एक मागणी आहे: निवड झाल्याचे पत्र महाविद्यालयाच्या शिक्क्यासह, मराठीत, पालकांच्या नावे पाठवावे. मुक्कामाची जागा, मुलींच्या वसतिगृहाची जबाबदारी असलेल्या प्राध्यापिकेचा क्रमांक आणि गाडी पहाटे पोहोचली तर स्थानकावर कोण असेल, एवढे त्यात जरूर लिहावे.