बाबांच्या दुरंगी घड्याळाच्या चेनमधलं सोनं: १८ कॅरेट, १४ की नुसतं पाणी?

हर्णैचा_मधला
नमस्कार मंडळी. बाबा कुवेतला होते. तिथे १९८४ साली त्यांनी रोलेक्स डेटजस्ट घेतलं, स्टील आणि सोनं असं दुरंगी. चेन जुबिली, म्हणजे कडेच्या दोन कड्या स्टीलच्या आणि मधल्या तीन बारीक पिवळ्या. १९९० साली इराकचं सैन्य घुसल्यावर भरलेलं घर तसंच टाकून ते अम्मानमार्गे मुंबईला आले, तेव्हा हे मोज्यात होतं.

बाबा गेले. आईचं म्हणणं, "कपाटात ठेवून त्याची पूजा करायची आहे काय? मोड आणि चिनूला लग्नात पाटल्या कर." म्हणून एका सराफाकडे नेलं. त्यांनी उजेडात धरलं. म्हणाले, "रंग फिका आहे, हॉलमार्कचा एचयूआयडी कोड नाही. पाणी दिलेलं असणार." मी तोंड उघडायच्या आत कानस काढली हो त्यांनी, आणि मधल्या कडीवर चरा! आतूनही पिवळंच निघालं. मग म्हणे, "बरं, १४ धरू, वर घट कापू." पाच मिनिटांत दोन निकाल. आता कानस न लावता खरं काय ते कसं कळेल? आणि चेनमध्ये सोनं असतं तरी किती?

मालवणची_सोनारीण
दादा, कानस लावली ते वाईटच झालं. कसोटीच्या दगडावर हलकी रेघ ओढून तेजाब लावलं असतं तरी कळलं असतं.

फिक्या रंगाचं म्हणाल तर आपला डोळा बावीसला सरावलेला. त्यात ९१.६ टक्के सोनं. १८ म्हणजे ७५ टक्के, बाकी चांदी आणि तांबं. बांगडीशेजारी ठेवलं तर ते फिकं दिसणारच. बावीसचं सोनं घड्याळाच्या चेनला मऊ पडतं, कड्या एकमेकींवर दिवसभर घासतात.

एचयूआयडीचा तर इथे संबंधच नाही. २०२१ साली हॉलमार्क सक्तीचं झालं तेव्हा घड्याळं, फाउंटन पेन आणि कुंदन, पोलकी, जडाऊ दागिने त्यातून वगळले होते. शिवाय तुमचं घड्याळ १९८४चं. त्यावर सहा अक्षरांचा कोड कुठून येणार?

कॅरेट मशीनवर ठेवून बघा. पण एक ध्यानात ठेवा, मशीन वरची कातडीच बघतं. काही घड्याळांत स्टीलवर सोन्याच्या पत्र्याची टोपी चढवलेली असते. लॉन्जिन्सच्या काही मॉडेलमध्ये ती २०० मायक्रॉन, म्हणजे ०.२ मिलिमीटर. मशीन १८ म्हणेल आणि ते खोटंही नसेल, पण खाली स्टील असेल. वजनावर भाव करणारा तिथे फसतो.

चिपळूणचा_घड्याळजी
एकतीस वर्षं हेच करतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी क्लास्प, म्हणजे चेन बंद करायचा फासा, उघडून आतली बाजू भिंगाने बघा. १८के किंवा ७५० असा छाप हवा. अमेरिकेच्या बाजारासाठी केलेल्या काही जुन्या दुरंगी चेन १४ कॅरेटच्या होत्या, त्यामुळे सराफाचा आकडा अगदीच हवेतला नव्हता. पण बघायचं सोडून 'धरू' कसलं? कुणी म्हणेल, स्विस हॉलमार्कचा कुत्र्याच्या डोक्याचा शिक्का कुठे आहे? तो १९९५ पासून आला. रोलेक्सचं या जोडकामाचं नाव रोलेसोर, १९३३ साली नोंदवलेलं, आणि आज त्यात सोनं १८च असतं.

मग क्लास्पजवळची कडी सोडवून घ्या. पिनच्या भोकात बॅटरी मारा. भोकाच्या आतही पिवळं असेल आणि छापही असेल, तर कडी सोन्याची समजा; नुसत्या पिवळ्यावर जाऊ नका, पितळही पिवळंच दिसतं. करडं दिसलं तर टोपी किंवा पाणी. तुमच्या वेळच्या जुबिलीत मधल्या कड्या पत्रा वळवून केलेल्या पोकळ असतात. आजच्या भरीव. कस तोच, वजन कमी.

पाणी दिलेल्याची ओळख मला २२ जुलै २०२१ला पटली. दुकानात वाशिष्ठी शिरली. गाळातून घड्याळं उपसली तेव्हा पाणी दिलेल्या चेन कडांना पोपडे धरून, पितळ हिरवं पडून आल्या. एका गिऱ्हाइकाची १८ची दुरंगी मात्र साबणाच्या पाण्यात ब्रश फिरवला आणि जशीच्या तशी.

सोन्याला खारा वारा काही करत नाही. वाळू करते. घाम, धूळ आणि पुळणीची बारीक वाळू यांचा कड्यांत लगदा होतो आणि तो पिनची भोकं लांबट करत नेतो. घड्याळ आडवं धरा. चेन ओल्या सुतळीसारखी खाली वाकली तर ती तिथे झिजली समजा.

दाभोळकर_नाखवा
माझ्या दुबईच्या मेव्हण्याने 'सोन्याचं' म्हणून दिलेलं दोन पावसाळ्यांत चांदीचं झालं. तुम्ही नशीबवान!

हर्णैचा_मधला
बघितलं. क्लास्पच्या आत १८के आहे, मुंगीएवढं, पण आहे. भोकात बॅटरी मारली, आत पिवळंच. पोकळ आहे आणि वाकतेही, अगदी सुतळी. बाबांच्या बिस्किटांच्या डब्यात मनगटाला मोठी झाली म्हणून काढलेल्या दोन कड्या सापडल्या. गावातल्या सोनाराच्या काट्यावर दोन्ही मिळून साडेतीन ग्रॅम, तेही स्टील धरून.

आईने तो काटा स्वतः बघितला. म्हणाली, "एवढ्यात कसल्या पाटल्या! घाल तूच. पण बंदरावर मासळी आणायला जाशील तेव्हा काढून ठेव."

घड्याळजी काका, चेन घट्ट होईल का? आणि तो चरा पॉलिशने घालवू?

चिपळूणचा_घड्याळजी
घट्ट होईल, पण नव्यासारखी नाही. पॉलिश नको. पोकळ कडीचा पत्रा आधीच पातळ, त्यात कानसेने थोडा नेलाय. त्या दोन सुट्या कड्या येताना घेऊन या, जास्त झिजलेल्यांच्या जागी बसवता आल्या तर बघू. बुधवारी दुकान बंद असतं.