साठीनंतर नीट बसणारे, टिकाऊ कपडे कुठे आणि कसे मिळवायचे?

कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी. वय ६६, मुक्काम सांगली. शाळेत शिकवत होते तेव्हा रोज साडी, त्यामुळे बाकी कपड्यांचा विचार कधी करावा लागला नाही. आता गुडघ्यांमुळे कुर्ता-सलवार सुरू केलंय आणि तिथेच घोडं अडलंय.

एक्सएल घेतला तर छातीला बरोबर, पण खांदे दंडावर उतरतात. एल घेतला तर खांदा बसतो आणि मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात तिथे, काचतं. गळा सारखा मागे सरकतो. कुर्ता मागून वर चढतो, पुढून लोंबतो. बाह्या असल्याच तर दंडाच्या मध्यावर संपतात, तिथेच दंड सगळ्यांत जाड. खिसा नाही. आणि "काकूंसाठी" म्हणून दुकानातली मुलगी जे काढते ते सगळं बदामी, राखाडी, फिकट अबोली. मला गडद रंग आवडतात. यजमान गेल्यापासून नातेवाइकांची त्यावरून बोलणी ऐकते, पण रंग सोडायचा नाही हे माझं पक्कं आहे.

पेन्शन आहे. मोजके पण चांगले कपडे घ्यायची तयारी आहे. कुठून घेता, कसे शिवून घेता? शिवाय थंडीत भाचीचं लग्न आहे. उजवा खांदा आखडलेला, ब्लाउजचे मागचे हूक लावता येत नाहीत. त्याचंही सुचवा.

पुणेकरीण:

मी तयार कुर्ते घेणं सोडलंच. लक्ष्मी रोडवर कापड घेते, बटणं-लेस तुळशीबागेत, आणि घराजवळच्या बाईंकडे शिवते. अडीच मीटर कापड पुरतं, पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ४४ इंच असेल तर. बाह्या लांब हव्यात तर थोडं जास्त घ्या. सांगलीतही चांगल्या शिवणाऱ्या मिळतील, शेजारणींना विचारा.

सुईदोरा:

कृष्णाकाठताई, मी नाशिकला आयुष्यभर बायकांचे कपडे शिवले. आता डोळ्यांमुळे थांबलेय. तुम्ही लिहिलंय ते वाचताना तुमची पाठ डोळ्यांपुढे आली.

वय वाढतं तसे खांदे थोडे पुढे येतात, पाठ वरच्या भागात गोल होते. म्हणजे मानेच्या मणक्यापासून कमरेपर्यंतचं मागचं अंतर वाढतं आणि पुढचं कमी होतं. तयार कुर्ता ताठ पाठीसाठी कापलेला असतो. त्याला मागे कापड कमी पडतं, म्हणून तो वर ओढला जातो आणि गळ्यालाही मागे नेतो. मोठा साइझ घेऊन हे सुटत नाही. एक्सएलमध्ये खांदा, गळा, मुंढा सगळंच वाढतं, तुमची हाडं मात्र होती तेवढीच आहेत.

शिवायला टाकताना पाठीची उंची वेगळी द्या: मानेच्या मणक्यापासून कमरेपर्यंत. पुढची वेगळी: गळ्यालगतच्या खांद्यापासून छातीवरून कमरेपर्यंत. बहुतेक ठिकाणी एकच उंची घेतात आणि निम्मं दुखणं तिथेच आहे. पाठ गोल असेल तर मागच्या भागाला अर्धा-पाऊण इंच जास्त, मागच्या खांद्यावर छोटासा टक, म्हणजे आत शिवलेली चिमटी, आणि खांद्याची शिवण थोडी पुढे. छातीचा टकही खाली घ्यायला सांगा. उंचवटा वयाबरोबर खाली उतरतो, टक जुन्या जागी राहिला की वर रिकामी चोच दिसते. माप देताना आतून रोजचीच ब्रेसियर घाला, सैल जुनी नको.

मुंढ्याचं जरा सविस्तर सांगते, कारण इथे चांगले चांगले शिंपीही घोटाळा करतात. काचतं म्हटलं की मुंढा खाली खोदतात. मुंढा जितका खोल, तितका हात वर करताना अख्खा कुर्ता वर येतो. बसमध्ये दांडी धरायला हात उचलून बघा, लगेच कळेल. मुंढा बगलेच्या जवळच ठेवायचा आणि बाहीचा दंडावरचा घेर वाढवायचा. तरीही तंग वाटलं तर बगलेत चौबगला लावायचा. जुन्या सदऱ्यांना, झब्ब्यांना असायचा ना तो चौकोनी तुकडा, तोच. हल्ली वेळ जातो म्हणून कुणी लावत नाही, पण मागितलात तर लावून देतात. बाही कोपराच्या खाली, हात जिथे बारीक होऊ लागतो तिथे संपवा.

कापड: रेयॉन ओलं झालं की कमजोर होतं, म्हणून धुण्यात लवकर मरगळतं. सुती कापड ओलं असताना उलट जास्त बळकट असतं. तुमच्यासाठी मी मंगळगिरी सुचवीन. आंध्रातल्या गुंटूर जिल्ह्यातलं हे हातमागाचं कापड अंगाला चिकटत नाही, सरळ पडतं, काठ सुरेख असतो, आणि गडद जांभळा, मोरपिशी, कुंकवासारखा लाल सगळं मिळतं. शिवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा, जे आटायचं ते आधीच आटू दे. गडद रंग सुरुवातीची धुणी वेगळे धुवा. अस्तर लावायचं तर मलमलचं, पॉलिएस्टरचं नको. घाम येणाऱ्या वयात आपणच हैराण होतो.

तयार घ्यायचाच झाला तर आधी उलटा करून बघा. शिवणीला माया, म्हणजे आतलं जादा कापड, किती सोडलीय? पाव इंच आणि वर ओव्हरलॉक, म्हणजे कडा कापून घातलेली दोऱ्यांची गुंफण, तर पुढे उसवून वाढवता येणार नाही. बाजूला इंचभर माया असलेला कपडा दहा वर्षं अंगाबरोबर चालतो. दोन्ही अंगठ्यांनी शिवण हलकेच ताणा. टाक्यांच्या फटी उघडल्या तर परत ठेवा.

ब्लाउज: हूक पुढून, जरा मोठे, एक सुलट एक उलट लावलेले म्हणजे निसटत नाहीत. मागचा गळा फार खोल नको, खांदे पुढे आलेले असले की खोल गळ्याचा ब्लाउज खांद्यावरून घसरतो. प्रिन्सेस कट घ्या, म्हणजे टकांऐवजी छातीवरून खालपर्यंत उभ्या शिवणी. शिवणी जास्त असल्यामुळे पुढेमागे करायला जागा जास्त. माया इथेही सोडायला सांगाच.

साडीवेडी:

लग्नाला साडीच नेसणार ना? जड पैठणीपेक्षा इरकल बघा, तुमच्या भागात तर सहज मिळते. अंग सुती, पदर रेशमी लाल, आणि गडद हिरवी-काळपट निळी इरकल काय दिसते! खणाचा ब्लाउज घेणार असाल तर गुळेदगुड्डच्या खणाचा पन्हा अरुंद असतो. कोपरापर्यंत बाही हवी तर कापड आधी मोजून घ्या.

कृष्णाकाठ:

गडद हिरवी इरकल आईची आहे माझ्याकडे! तीच नेसणार.

सुईदोराताई, पाठीचं वाचून आरशासमोर एका बाजूने उभी राहिले, अगदी तसंच आहे. पण आमचे शिंपी म्हणतात, "काकू, या वयात असंच बसतं." पाऊण इंच वगैरे सांगितलं तर हसतील. त्यांना पटवायचं कसं? आणि खिसा? मोबाइल ठेवला की कुर्ता एका बाजूला ओघळतो.

सुईदोरा:

या वयात असंच बसतं, हे मला मान्य नाही. आधी मांजरपाटाचा, म्हणजे साध्या कोऱ्या सुती कापडाचा, कुर्ता शिवून घ्या, बाह्यांसकट, फक्त कच्च्या टाक्यांनी. शिलाई पूर्ण देईन म्हणून सांगा, मग हसणार नाहीत. घालून हात वर करा, वाका, खाली बसा. जिथे ओढेल तिथे त्यांच्यासमोरच खडूने खूण करा. ते नीट झालं की उसवून तुकडे जपून ठेवा, पुढचे सगळे कुर्ते त्यावरून कापायचे. एवढं करूनही ऐकलं नाही तर शिंपी बदला, अगदी बिनधास्त. घरी शिवणाऱ्या कित्येक बायका या बाबतीत जास्त मन लावतात.

खिसा बाजूच्या शिवणीत, हात सरळ सोडला की मनगट जिथे येतं त्याच्या जरा वर. पिशवीला जाड सुती कापड, आणि तिच्या वरच्या कडेपासून एक पट्टी आतून कमरेच्या टकात अडकवायची. मग मोबाइलचं वजन टकावर येतं, शिवणीवर नाही. टक कमरेपर्यंत येत नसेल तर पट्टी वर मुंढ्याच्या शिवणीपर्यंत न्या, पण मांजरपाटावर आधी करून बघा, पट्टी आखूड झाली तर कापड तिथे गोळा होतं.