प्रतिसाद: डॉसबॉक्समधून छपाई – पान प्रिंटरमधून बाहेरच येत नाही

साध्या डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस प्रोग्रॅम आजच्या संगणकावर चालवणारं सॉफ्टवेअर) एलपीटी पोर्टच, म्हणजे प्रिंटरचा जुना पॅरलल पोर्टच, नाही, म्हणून त्याची सुधारित आवृत्ती डॉसबॉक्स-एक्स वापरा, हे वर सांगितलंय ते बरोबरच. पण 'मग प्रिंट आपोआप येते' हे पटलं नाही. मामांच्या दुकानाचं जुनं फॉक्सप्रोचं (डॉसवरचा डेटाबेस प्रोग्रॅम) बिलिंग मी तसंच चालवायला घेतलं. कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) पॅरलल पोर्टला 'प्रिंटर' लावला, बिल मारलं, आणि काहीच नाही. दोन तास केबल, ड्रायव्हर, सगळं तपासलं. (मामा शेजारी उभे, "जुनाच बरा होता.")

गोम अशी की डॉसबॉक्स-एक्स आतल्या आत एप्सनच्या डॉट मॅट्रिक्सची नक्कल करतो. पान संपल्याची खूण, म्हणजे फॉर्म फीड (कॅरेक्टर १२), येईपर्यंत किंवा पान भरेपर्यंत तो पान सोडत नाही. आमचा प्रोग्रॅम बिलाच्या शेवटी फक्त चार-सहा ओळी सरकवायचा, कारण कागद सलग होता आणि फाडायला तेवढं पुरे. प्रोग्रॅमचा सोर्स कोड हाताशी असेल तर शेवटी एजेक्ट (फॉर्म फीड पाठवणारी फॉक्सप्रोची आज्ञा) टाका. नसेल तर कॉन्फिगमध्ये प्रिंटर विभागात टाइमआउट असतो (तेवढा वेळ नवा मजकूर आला नाही की पान आपोआप सुटतं), तो मिलिसेकंदांत द्यायचा. मी ३००० ठेवलाय.

आणि कागदाचा आकार बघाच. त्याच विभागात मूळ रुंदी-उंची ८५ आणि ११० असते, इंचाच्या दहाव्या भागात, म्हणजे अमेरिकन लेटर. ए४ साठी ८३ आणि ११७ करा. प्रोग्रॅम पानाला ६६ ओळी धरून चालत असेल (इंचाला ६ प्रमाणे बरोबर ११ इंच) तर मात्र उंची ११०च राहू द्या, नाहीतर दुसऱ्या पानाचा मथळा आधीच्याच पानाच्या तळाशी येतो आणि पुढे पानागणिक वर सरकत जातो.