मदत हवी आहे: पत्र्यावर वेडेवाकडे भाग दाटीने बसवणं

नमस्कार मंडळी,

ठाण्यात वागळे इस्टेटला आमचा लेझर कटिंगचा लहानसा गाळा आहे. 2440 बाय 1220 मिमीच्या पत्र्यातून जास्तीत जास्त भाग कसे निघतील, हा रोजचाच प्रश्न. बाबा पुठ्ठ्याचे साचे सरकवत मांडणी ठरवतात. आता त्यांचे गुडघे साथ देत नाहीत, म्हणून मी पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहायला घेतलाय.

मोठा भाग आधी घेते आणि 5 मिमीच्या पावलांनी खाली-डावीकडची पहिली मोकळी जागा शोधते. दोन भागांत 2 मिमी सुटायला हवेत, म्हणून प्रत्येक भाग 1 मिमीने फुगवते. पत्रा ब्रश फिनिशचा, म्हणजे त्यावर एकाच दिशेच्या बारीक रेघा, त्यामुळे भाग फिरवायचे कोन फक्त 0 किंवा 180 अंश.

बाबा दोन एल-ब्रॅकेट उलटसुलट एकमेकांच्या कुशीत बसवतात. ते प्रोग्रॅमला जमतच नाही. शेपली या पायथनच्या भूमिती-लायब्ररीचं ‘इंटरसेक्ट्स’ (दोन आकार एकमेकांना भिडतात का, हे तपासणारं फंक्शन) नुसती कडेला कड टेकली तरी होकार देतं, मग फटी राहतात. पाऊल 1 मिमी केलं तर तपासण्या 25 पट!

‘नो-फिट पॉलिगॉन’बद्दल वाचलं, म्हणजे दुसरा भाग जिथे ठेवला तर पहिल्यावर चढेल, त्या सगळ्या जागांचा आकार. बहिर्वक्र आकारांचं समजलं: एक आकार उलटा करायचा आणि दोघांच्या बाजू कोनाच्या क्रमाने जोडायच्या. पण एल अंतर्वक्र आहे, म्हणजे त्याला आत खाच आहे, तिथे काय करायचं?

प्रतिसाद

एलचे दोन आयत करा. प्रत्येकाचं समोरच्या दोन्ही आयतांशी नो-फिट काढा आणि त्या चारांचं युनियन घ्या, म्हणजे चारही जोडून एकच आकार करा. दुसऱ्या भागाचा संदर्भबिंदू (त्याची जागा सांगायला त्यावर ठरवलेला एक बिंदू) या आकाराच्या आत गेला तर भाग एकमेकांवर चढतात, कडेवर असला तर नुसते टेकतात. म्हणजे पावलं टाकत शोधायला नको, कोपरे आणि छेदबिंदू तपासले की झालं. आकार आणि कोन तेच असतील तर नो-फिटही तोच, एकदा काढून साठवून ठेवा. सहनिर्देशक मायक्रॉनमध्ये, पूर्णांकच ठेवा. आकारांचं युनियन काढणारी क्लिपर लायब्ररीही पूर्णांकांवरच चालते.

कुशीत बसवायला आधी जोडी बनवा. 180 अंशांत वळवलेला एल नो-फिटच्या कडेने फिरवा, दोघांना वेढणारा आयत सर्वांत लहान होईल तिथे थांबा आणि ती जोडी एकच भाग समजा. पुढे भागांचा क्रम बदलत राहायला सिम्युलेटेड अ‍ॅनिलिंग वापरा: यात सुरुवातीला अधूनमधून वाईट बदलही स्वीकारायचे, मग हळूहळू ते कमी करायचे. प्रश्न एनपी-हार्ड आहे, म्हणजे नेमकं सर्वोत्तम उत्तर झटपट काढायची पद्धत माहीत नाही, रात्रभर चालवूनही सर्वोत्तम उत्तराची खात्री नाही. म्हणून सुरुवात बाबांच्याच मांडणीपासून करा.

धागाकर्ती

मनापासून आभार! आज त्यांच्या मांडणीचे फोटो काढते. आणखी एक: मोठ्या फ्लँजच्या भोकात लहान वॉशर बसवायचे असतील, तर युनियन घेताना आत राहिलेली पोकळी तशीच ठेवायची ना?