मदत हवी आहे: आईच्या डोळ्यात इंजेक्शनं चालू असताना लेसरही करायचं का?

कावेरी७
आईला वेट मॅक्युला आहे, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध खराब रक्तवाहिन्या वाढून पाणी झिरपतंय. इंजेक्शनं चालू आहेत, पण पाणी काही सुकत नाही. आता जोडीला लेसर करू म्हणतायत. एकाने भागत नाही म्हणून दोन, हे पटत नाहीये. कोणी दोन्ही केलंय का? परवापर्यंत होकार कळवायचाय. कृपया 'डॉक्टरांनाच विचारा' लिहू नका, विचारून झालंय.

नानबा
कोणतं इंजेक्शन? किती आठवड्यांनी? एकच डोळा की दोन्ही? मधुमेह आहे का? आणि लेसर म्हणजे नेमकं कोणतं?

उंटावरचा शहाणा
लेसरला ठाम नकार द्या. माझ्या काकांचं केलं होतं, नजरेच्या मधोमध काळा डाग बसला तो कायमचाच. ल्युटिन-झेक्झॅन्थिनच्या गोळ्या चालू करा, मी स्वतः घेतो.

पडदानशीन
शहाणे, काकांचं गरम लेसर असणार. त्यात रक्तवाहिनीबरोबर पडदाही भाजतो. हल्ली इंजेक्शनच्या जोडीला देतात ते बहुतेक पीडीटी, म्हणजे थंड लेसर. हाताच्या शिरेतून व्हर्टेपोर्फिन देतात आणि मग डोळ्यात ८३ सेकंद लाल प्रकाश. औषध प्रकाशाने जागं होतं आणि खराब वाहिनी आतून बंद पडते. दोन्हींना लेसर म्हणून धाग्याची वाट लावू नका.
आणि गोळ्यांनी पाणी सुकत नाही. या गोळ्यांवरचा एरेड्स-२ हा अभ्यास आजार पुढच्या पायरीवर जाऊ नये म्हणून होता.

उंटावरचा शहाणा
मला फरक पडलाय, एवढंच सांगतो.

पडदानशीन
तुम्हाला वेट मॅक्युला आहे?

उंटावरचा शहाणा
नाही. होऊ नये म्हणून घेतो.

रातकिडा
दोन उपचार कशाला, इंजेक्शन बदला. बाबांना बेव्हॅसिझुमॅबवरून अफ्लिबरसेप्टवर नेलं आणि अंतर वाढवता आलं. आता फॅरिसिमॅबही आहे, ते दोन वाटा एकदम अडवतं: व्हीईजीएफ आणि अँजिओपोएटिन-२, वाहिन्या वाढवणारी आणि गळकी करणारी दोन प्रथिनं.

नानबा
बेव्हॅसिझुमॅबला उगाच नावं ठेवू नका. २०११ च्या कॅट चाचणीत ते रॅनिबिझुमॅब या दुसऱ्या इंजेक्शनच्या तोडीस तोड ठरलंय.

रातकिडा
नावं कुठे ठेवली? बाबांचा अनुभव सांगितला.

मोगरा_
आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का? माझ्या आजीला आधी ते केल्यावर लख्ख दिसायला लागलं.

कावेरी७
मोतीबिंदू विचारलाच नव्हता! मधुमेह नाही. एकच डोळा, उजवा. रॅनिबिझुमॅब, सुरुवातीला दर महिन्याला, नंतरही अंतर वाढवता आलेलं नाही. लेसर पीडीटीच आहे, कागदावर लिहिलंय. दोन्ही मिळून जास्त फायदा होतो का, एवढंच सांगा.

पडदानशीन
नेहमीच्या वेट मॅक्युलात नाही. डेनाली आणि माँ ब्लां या दोन चाचण्यांत रॅनिबिझुमॅबला पीडीटी जोडून नजर एकट्या इंजेक्शनपेक्षा सरस झाली नाही. म्हणून विचारतो, आयसीजी अँजिओग्राफी, म्हणजे शिरेतून हिरवा रंग देऊन डोळ्यातल्या वाहिन्यांचे फोटो, झाली का? त्यात पॉलिप, म्हणजे वाहिन्यांवरचे फुगे, दिसले का?

कावेरी७
हो, पिवळ्या आणि हिरव्या रंगाचं इंजेक्शन देऊन फोटो काढले होते. 'पॉलिपॉइडल' असं काहीतरी लिहिलंय. हे एवढं महत्त्वाचं आहे का?

नानबा
अहो, सगळं त्यावरच अडलंय!

पडदानशीन
मग चित्रच पालटलं. ही पीसीव्ही, म्हणजे पॉलिपवाला वेट मॅक्युला. वाहिन्यांच्या टोकाला फुगे येतात, आशियाई लोकांत जास्त दिसते आणि पाणी हट्टी असतं. एव्हरेस्ट-२ चाचणीत वर्षभराने रॅनिबिझुमॅब अधिक पीडीटीवाल्यांची नजर तपासणीच्या तक्त्यावर सरासरी ८.३ अक्षरांनी सुधारली, नुसत्या इंजेक्शनवाल्यांची ५.१. पॉलिप पूर्ण बंद झाले ते ६९ टक्के विरुद्ध ३५. इंजेक्शनंही कमी लागली. तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं हवेतलं नाही.

रातकिडा
अर्धंच सांगताय. प्लॅनेट चाचणीत अफ्लिबरसेप्ट एकट्यानेच काम भागलं. जादा पीडीटीची गरज १५ टक्क्यांहून कमी लोकांना पडली.

पडदानशीन
मान्य. पण त्यांची आई रॅनिबिझुमॅबवर आहे आणि पाणी हटत नाहीये. कावेरीताई, दोनच प्रश्न विचारा: आधी अफ्लिबरसेप्ट करून बघायचं की थेट पीडीटी, आणि पॉलिप मॅक्युलाच्या मध्यबिंदूपासून किती लांब. पीडीटीनंतर क्वचित नजर एकदम उतरते, रक्तस्रावही होऊ शकतो, त्याबद्दलही बोला. पॉर्फिरिया (उजेड न सोसणारा रक्ताचा एक दुर्मीळ आजार) असेल तर हे चालतच नाही. यकृताचा त्रास असेल तर आधी सांगा.

कावेरी७
विचारते. नंतर अंधारात ठेवायचं म्हणे, खरं का?

नानबा
अंधारात नाही. पाच दिवस कडक ऊन आणि प्रखर दिवे टाळायचे. बाहेर पडावंच लागलं तर पूर्ण बाह्या, टोपी, गडद गॉगल. सनस्क्रीनचा उपयोग नाही, कारण त्रास अतिनील किरणांचा नसून नुसत्या उजेडाचा. घरातला साधा उजेड मात्र हवा, त्याने त्वचेतलं औषध निवळतं.

मोगरा_
माझ्या सासऱ्यांना काचबिंदू आहे. त्यांना हे थंड लेसर चालेल का?

पडदानशीन
नवीन धागा काढा. आणि त्यात प्रेशर किती, थेंब कोणते, ते आधीच लिहा.